आम्ल व आम्लारी यांची प्रक्रिया आणि आपली जमीन

जुन्या मुंबई-पुणे मार्गावर निगडी येथे सेक्टर २३ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. मावळातील पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलून येथे आणतात व शुद्ध करून शहरास पुरवितात. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असते. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरविली म्हणजे गाळ तळाशी बसतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटीच्या जातीचेच द्रव्य वापरून गाळ खाली बसवितात. परंतु गाळ का बसतो, हे थोड्यांनाच माहीत असते. तुरटी पाण्यात विरघळली म्हणजे पाणी किंचित आंबट होते. नदीच्या पाण्यात खडकांतून व मातीतून आलेला चुन्याचा अंश असतो. तो हा आंबटपणा मारतो. या झटापटीत अॅल्युमिनियमचा खळीसारखा चिकट साका तयार होतो आणि मातीचे बारीक कण त्याला बिलगून तळाशी जातात. या कामी लागणाऱ्या अॅल्युमिनियम सल्फेटच्या दर १० भागांमागे पाण्यातील सुमारे ५ भाग चुनखडीइतका चुन्याचा अंश खर्ची पडतो. पाण्यात तेवढा अंश नसेल तर तुरटी टाकूनही गाळ नीट बसत नाही. अशा वेळी वरून मोजून चुना घालावा लागतो.

आम्ल व आम्लारी यांची जी प्रक्रिया शाळेतील विद्यार्थी रसायनशास्त्राच्या तासाला शिकतात, तीच ही होय. हीच प्रक्रिया आपल्या शेतात, खताच्या ढिगात आणि फवारणीच्या पिंपात रोज चालते. ती समजून घेतली तर पैसा वाचतो व जमीन सुधारते. न समजता केली तर चांगली जमीन बिघडते आणि हातापायांस इजाही होते. म्हणून या लेखात प्रथम प्रक्रियेचा नियम सांगून मग तो जमिनीस कसा लावावयाचा ते सांगितले आहे.

आम्ल आणि आम्लारी कशास म्हणतात?

लिंबू, चिंच, कोकम, ताक हे पदार्थ आंबट लागतात, कारण त्यांत निरनिराळी आम्ले असतात. हरभऱ्याच्या शेतात पहाटे फिरताना पायांस जी आंब लागते व कातडी चुरचुरते, तीही मॅलिक व ऑक्झॅलिक या आम्लांमुळेच होय. ही वनस्पतिज आम्ले सौम्य आहेत. गंधकाम्ल, मिठाचे आम्ल आणि शोऱ्याचे आम्ल ही कारखान्यात तयार होणारी आम्ले मात्र अतिशय तीव्र असून कातडी, कापड व धातू यांना खाऊन टाकतात.

चुना, धुण्याचा सोडा, पापडखार, लाकडाची राख हे पदार्थ याच्या उलट गुणाचे आहेत. ते पाण्यात कालविले असता बोटांस बुळबुळीत लागतात व चवीस तुरट-कडवट असतात. यांना आम्लारी म्हणतात. शेतीच्या पुस्तकांत आम्लारी गुणाच्या जमिनीस विम्ल जमीन असेही नाव आहे.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. व्यवहारात आपण ‘खार’ हा शब्द मीठ, सोडा आणि राख या सर्वांनाच लावतो. शास्त्रात ‘क्षार’ याचा अर्थ निराळा आहे. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने जो नवा पदार्थ निर्माण होतो तो क्षार. खाण्याचे मीठ हा क्षार आहे, जिप्सम हा क्षार आहे, मोरचूद हाही क्षारच आहे. खारट जमीन आणि आम्लारी जमीन यांतील फरक पुढे सांगावयाचा आहे. तो या व्याख्येवरच अवलंबून आहे.

दोहोंची गाठ पडली म्हणजे काय होते?

आम्ल पाण्यात मिसळले की हायड्रोजनचे विद्युत्‌भारित कण मोकळे होतात. आंबटपणा व तीव्रता ही या कणांची करणी होय. आम्लारी पाण्यात मिसळले की हायड्रॉक्सिलचे कण मोकळे होतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उलगडा केला. दोन्ही द्रावणे एकत्र केली असता एक हायड्रोजनचा कण व एक हायड्रॉक्सिलचा कण मिळून पाणी होते. मागे राहिलेल्या अंशांपासून क्षार बनतो आणि उष्णता बाहेर पडते. आम्लाचा आंबटपणा जातो व आम्लारीचा बुळबुळीतपणाही जातो. या प्रक्रियेस उदासिनीकरण म्हणतात.

यातील मुख्य गोष्ट अशी की, हा व्यवहार वजनाने ठरलेला असतो. ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा हा बरोबर ३६.५ ग्रॅम शुद्ध मिठाच्या आम्लाचाच उतारा आहे; दोहोंपासून ५८.५ ग्रॅम मीठ व १८ ग्रॅम पाणी मिळते. बेरीज करून पाहावी, दोन्ही बाजूंस ७६.५ ग्रॅमच भरतात. सोडा ५० ग्रॅम घातला तर १० ग्रॅम सोडा तसाच शिल्लक राहील व द्रावण आम्लारीच राहील. सोडा ३० ग्रॅमच घातला तर आम्ल उरेल. ‘थोडा जास्त घातला तर अधिक गुण येईल’ हा हिशेब येथे चालत नाही.

चुन्याचा हिशेबही असाच आहे. ९८ किलो शुद्ध गंधकाम्ल मारण्यास १०० किलो चुनखडी, किंवा ७४ किलो विरलेला चुना, किंवा ५६ किलो कळीचा चुना लागतो. तिन्हींचे काम एकच, परंतु वजने भिन्न. म्हणून शिफारशीत चुन्याचा कोणता प्रकार सांगितला आहे ते पाहिल्यावाचून वजन ठरवू नये.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

ग्रामीण भागातील शिक्षकांना व कार्यकर्त्यांना हा प्रयोग घरच्या सामानावर दाखविता येईल. चमचाभर खाण्याचा चुना भांडेभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व सकाळी वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. हीच चुन्याची निवळी. एका पेल्यात या निवळीचे दहा चमचे घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकावी. पिवळी हळद तत्काळ लाल होते. कुंकवाचा लाल रंग हळदीवर अशाच प्रक्रियेने चढवीत असत. आता लिंबाचा गाळलेला रस थेंबथेंब सोडावा व प्रत्येक थेंबानंतर ढवळावे. काही थेंबांपर्यंत रंगात फरक दिसत नाही. मग एखाद-दुसऱ्या थेंबाने लाली एकदम नाहीशी होऊन हळद पुन्हा पिवळी होते. थेंब मोजून लिहून ठेवावेत. दुसऱ्या पेल्यात निवळीचे वीस चमचे घेऊन तोच प्रयोग केला तर थेंब जवळजवळ दुप्पट लागतील. प्रक्रिया मापाने चालते, हे विद्यार्थ्यांस याहून सोप्या रीतीने पटविता येणार नाही.

हळद आम्लारी ओळखते, परंतु आम्ल ओळखत नाही. उदासीन पाण्यात व लिंबाच्या रसात ती सारखीच पिवळी दिसते. आम्ल ओळखण्यास जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात ठेवून त्यांचा अर्क काढावा. आम्लात तो गडद गुलाबी-तांबडा होतो, तर आम्लारीत हिरवट पडतो.

सामू म्हणजे काय?

रंगावरून गुण कळतो, परंतु त्याची पायरी कळत नाही. ती सांगण्यासाठी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये एक मोजपट्टी प्रचारात आणली. आपण तिच्या आकड्यास सामू म्हणतो. ही पट्टी सामान्यतः ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे उदासीन. ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, तर चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो. बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ सामू असलेली जमीन मानवते, कारण या मर्यादेत बहुतेक अन्नद्रव्ये मुळांना सहज मिळतात. फार आंबट जमिनीत स्फुरद अडकून पडतो व अॅल्युमिनियमचा विषारी परिणाम मुळांवर होतो. फार आम्लारी जमिनीत लोह व जस्त मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात.

ही पट्टी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक होय. सामू ५ ची जमीन सामू ६ च्या जमिनीपेक्षा दहापट आंबट असते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सामूचा आकडा जमिनीतील पाण्याचा आंबटपणा सांगतो, मातीच्या कणांना चिकटून राहिलेला साठा सांगत नाही. घराबाहेर काढलेल्या सुपातील धान्य पाहून पेवात किती धान्य आहे हे कळत नाही, तसेच हे आहे. सुपातील संपले की पेवातून पुन्हा भरते. भारी चिकण मातीचे पेव मोठे असते, रेताड मातीचे लहान. म्हणून दोन शेतांचा सामू सारखाच ५.५ असला तरी भारी जमिनीस पुष्कळ अधिक चुना लागतो. शेजाऱ्याने जेवढा टाकला तेवढाच आपणही टाकावा, हा विचार याच कारणास्तव चुकीचा ठरतो.

पश्चिमेची आंबट जमीन

निगडीहून पश्चिमेस लोणावळ्याकडे जाऊ लागले म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरांत पाऊसमान अनेक पटींनी वाढते. जमिनीचा गुण या पाऊसमानाशी बांधलेला आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. हे पाणी वर्षानुवर्षे मातीतून झिरपत राहिले की कणांना चिकटलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे अंश धुऊन जातात आणि त्यांच्या जागी हायड्रोजन व अॅल्युमिनियम येऊन बसतात. घाटमाथ्यावरील व कोकणातील जांभ्या दगडाच्या तांबड्या जमिनी अशाच आंबट झालेल्या आहेत.

खतांमुळेही जमीन आंबट होते. अमोनियम सल्फेटमधील नत्राचे जिवाणूंमार्फत रूपांतर होताना आम्ल निर्माण होते. १०० किलो अमोनियम सल्फेटमुळे येणारा आंबटपणा मारण्यास सुमारे ११० किलो चुनखडी लागते. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत हा हिशेब परस्पर फिटतो. जांभ्या जमिनीत तो साठत जातो.

अशा जमिनीचा उतारा चुना हाच होय. चुनखडीची भुकटी जितकी बारीक तितकी ती लवकर लागू पडते. ती पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे सारखी पसरून मातीत चांगली मिसळावी. चुनखडी चुकून थोडी अधिक पडली तरी तिच्यामुळे सामू सव्वाआठाच्या फारसा पुढे जात नाही. कळीचा किंवा विरलेला चुना मात्र अधिक पडल्यास पिकास बाधतो.

भाताच्या खाचराविषयी एक विशेष सांगावयास हवे. खाचरात पाणी साचून राहिले म्हणजे मातीतील हवा कमी होते व आंबट जमिनीचा सामू काही आठवड्यांत आपोआप ७ च्या जवळ येतो. म्हणून इंद्रायणीसारखे भाताचे पीक आंबट जमिनीतही चांगले येते. पाणी ओसरले की आंबटपणा परततो व त्यानंतर घेतलेल्या हरभरा, वाल, मसूर यांसारख्या कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचे जिवाणू त्याने दुबळे होतात. मावळातील शेतकऱ्यांनी चुन्याचा विचार भातापेक्षा रब्बीच्या कडधान्यांसाठी करावा, तोही माती तपासून.

पूर्वेची खारट व चोपण जमीन

पुण्याच्या पूर्वेस व दक्षिणेस पाऊस थोडा, जमीन काळी आणि पाणी कालव्याचे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व बारामतीकडील माळरानावर ऊस उभा राहिला. परंतु भरपूर पाणी व अपुरा निचरा यांमुळे थोड्याच वर्षांत काही शेतांतून खार फुटू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील या खारट जमिनींची पाहणी करून ती १९१० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९३२ मध्ये नीरेच्या परिसरातच पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले आणि कालव्याखालील जमिनींचा तेथे तपशीलवार अभ्यास झाला. हा प्रश्न आज नीरेपुरता उरलेला नाही. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे व इतर कालव्यांखालीही तो शेतकऱ्यांस भेडसावीत आहे.

येथे दोन आजार आहेत व त्यांचे उपचार भिन्न आहेत.

पहिला आजार खारट किंवा क्षारयुक्त जमिनीचा. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो. तिच्यात विरघळणारे क्षार अतोनात असतात, परंतु सामू बहुधा ८.५ च्या आत असतो. हे क्षार आम्लही नव्हेत व आम्लारीही नव्हेत. त्यांना उदासीन करण्याजोगे काही उरलेलेच नाही. त्यांना केवळ धुऊन बाहेर काढावे लागते. शेतात चर काढून निचरा करावा, वाफे बांधून चांगले पाणी साठवावे व ते खाली झिरपू द्यावे, हाच उपाय. या जमिनीत चुना टाकून अथवा आम्ल ओतून काहीही साधणार नाही.

दुसरा आजार चोपण जमिनीचा. ती ओली असता चिखलासारखी चिकटते, वाळली की दगडासारखी होते व भेगाळते. पावसाचे पाणी तिच्यावर गढूळच साचून राहते. तिचा सामू ८.५ च्या वर, कित्येकदा ९ ते १० पर्यंत असतो. तिच्या कणांना चुन्याऐवजी सोडियम चिकटलेला असतो. हा सोडियम पाण्यात सुटून धुण्याच्या सोड्याच्या जातीचे आम्लारी द्रव्य बनवितो. कण एकमेकांपासून सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवितात. त्यामुळे पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही.

चोपण जमिनीस जिप्सम देतात. जिप्सम हे आम्ल आहे असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नाही. जिप्सम हा क्षार आहे. तो दोन कामे करतो. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. तसेच जमिनीतील सोड्याशी संयोग होऊन चुनखडी तयार होते व ती न विरघळता मातीतच राहते. सोडियम मात्र सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. हे पाणी शेताबाहेर गेले तरच सुधारणा होते. निचऱ्याचे चर न काढता टाकलेले जिप्सम म्हणजे रोग्यास औषध देऊन विष पोटातच ठेवण्यासारखे आहे.

येथे चुना का चालत नाही? आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आधीच विपुल असतात. परंतु एवढ्या आम्लारी पाण्यात चुनखडी विरघळतच नाही, म्हणून तिचा कॅल्शियम कामास येत नाही. विरलेला चुना टाकला तर तो स्वतः आम्लारी असल्याने सामू आणखी चढतो. आजार वाढतो व पैसे वाया जातात.

जमिनीत चुनखडी असल्यास गंधकाचाही उपयोग होतो. गंधकाची भुकटी ओलसर मातीत मिसळली की जिवाणू तिचे हळूहळू गंधकाम्लात रूपांतर करतात. हे आम्ल जमिनीतील चुनखडीवर प्रक्रिया करून जागच्या जागी जिप्सम बनविते. हिशेबाने ३२ किलो गंधकापासून १७२ किलो जिप्सम तयार होते. शेणखत, साखर कारखान्याची मळी आणि धैंचा किंवा ताग यांचे हिरवळीचे खत यांच्या कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड व सौम्य सेंद्रिय आम्ले निघतात; तीही याच दिशेने मदत करतात.

कारखान्याच्या गाळाविषयी इशारा

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. निगडीच्या आसपास पिंपरी, चिंचवड व भोसरी येथे आणि पुढे चाकणकडे कारखानदारी वाढली. लोखंडी मालावर मुलामा चढविण्यापूर्वी गंज काढण्यासाठी तो आम्लाच्या हौदात बुडवावा लागतो. वापरलेले आम्ल नाल्यात सोडण्यास मनाई आहे. बाहेर सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू सामान्यतः ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असला पाहिजे, असा नियम आहे. म्हणून त्यात चुना घालून ते उदासीन करतात.

आता वर दिलेला हिशेब आठवावा. ९८ किलो गंधकाम्ल व ७४ किलो विरलेला चुना यांपासून, तयार होणारे पाणी त्यातच सामावून, बरोबर १७२ किलो जिप्सम मिळते. साहजिकच ‘कारखान्यातील हा पांढरट गाळ म्हणजे जिप्समच, मग तो शेतात का टाकू नये?’ असा प्रश्न मनात येतो. उत्तर स्पष्ट आहे : टाकू नये. आम्लाने लोखंडाबरोबरच जस्त, निकेल, क्रोमियम यांसारखे धातूही विरघळविलेले असतात आणि चुना पडताच ते गाळात उतरतात. उदासिनीकरणाने आंबटपणा गेला तरी धातू जात नाहीत. ते मातीत राहतात व पिकांत उतरू शकतात. असा गाळ २०१६ च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांप्रमाणे अधिकृत ठिकाणीच न्यावयाचा असतो. तो कोणी फुकट अथवा स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. शेतासाठी जिप्सम नेहमी पक्की पावती घेऊन व प्रत पाहूनच घ्यावे.

नित्याच्या कामांतील आम्ल व आम्लारी

(१) बोर्डो मिश्रण : एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. नुसते फवारल्यास पाने करपतात. चुना त्याचा आंबटपणा मारतो व तांब्याचा निळा साका बनवितो. मोरचूद ५० लिटर व चुना ५० लिटर पाण्यात निरनिराळा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पिंपात कालवावा. लोखंडी भांडे वापरू नये. नंतर दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतीत ढवळावे. चकचकीत लोखंडी विळ्याचे पाते मिश्रणात क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी व पुन्हा पाहावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

(२) खते व चुना : अमोनियम सल्फेट किंवा डीएपी यांच्यात चुना अथवा राख मिसळू नये. आम्लारीच्या संयोगाने अमोनिया वायू होऊन नत्र हवेत उडून जाते. बशीत चिमूटभर अमोनियम सल्फेट व ओला चुना एकत्र करताच येणारा उग्र दर्प म्हणजे आपल्या पैशाचाच वास होय. सुपर फॉस्फेटमध्ये चुना मिसळल्यास स्फुरद लवकर न विरघळणाऱ्या रूपात जातो. यास्तव चुना व खते यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

(३) ठिबक संचाची सफाई : विहिरीच्या जड पाण्यामुळे तोट्यांत चुनखडी धरते. ती सौम्य आम्लाने विरघळते व कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. आम्लाचे प्रमाण संच पुरविणाऱ्याच्या किंवा तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास एकदम उष्णता निर्माण होऊन आम्ल अंगावर उसळते. आम्ल व ब्लीचिंग पावडर यांचा एकमेकांशी संबंध येऊ देऊ नये. त्यांतून निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा असतो.

(४) इजा झाल्यास : आम्ल किंवा चुना अंगावर अथवा डोळ्यांत उडाल्यास उतारा म्हणून दुसरे द्रव्य लावू नये. उदासिनीकरणात उष्णता निघते व जखम वाढते. भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. कळीचा चुना विरविताना डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे असावेत आणि मुलांस दूर ठेवावे.

उपचारापूर्वी तपासणी

वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ एवढाच की, उतारा देण्यापूर्वी आजार ओळखावा व तो मापाने द्यावा. यासाठी माती तपासण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. पीक निघाल्यावर व खत देण्यापूर्वी नमुना घ्यावा. शेतातील रंगाने, उताराने व पोताने सारख्या भागातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करून त्यांच्या कडेची माती खरवडावी. बांध, झाडाखालची जागा, गुरे बसण्याची व खताच्या ढिगाची जागा टाळावी. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत व अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. ती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी; खताची रिकामी पिशवी वापरू नये. आत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व मागील पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवून नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. चोपण जमिनीचा संशय असेल तर ‘जिप्समची गरज’ व आंबट जमिनीत ‘चुन्याची गरज’ काढून मिळावी, असे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे, कारण केवळ सामूवरून मात्रा ठरत नाही.

२०१५ पासून देशात मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू झाली. अशी पत्रिका पुष्कळ घरांत आहे, परंतु ती वाचून समजावून देणारा माणूस जवळ नसल्याने ती कपाटातच राहते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम अवश्य अंगावर घ्यावे. पत्रिकेतील पहिले दोन आकडे, सामू व विद्युत वाहकता, शेतकऱ्यास समजावून सांगावेत. सामू खाली असेल तर चुन्याची चौकशी करावी. वाहकता ४ च्या वर व सामू ८.५ च्या आत असेल तर निचरा व धुलाई यांचा विचार करावा. सामू ८.५ च्या वर असेल तर जिप्सम व निचरा या दोहोंची तयारी करावी. सामू व वाहकता दोन्ही अधिक असतील तर प्रथम जिप्सम द्यावे व मग धुलाई करावी. कारण जिप्सम न देता क्षार धुऊन काढले तर जमीन पक्की चोपण होण्याचा धोका असतो.

निगडीच्या केंद्रात कोट्यवधी लिटर पाण्यासाठी जो नियम पाळावा लागतो, तोच आपल्या एक एकर शेतासाठी आहे. किती आंबट अथवा किती आम्लारी हे आधी मोजावे, तेवढाच उतारा घालावा आणि शेवटी पुन्हा मोजून पाहावे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गावातील निदान एक चोपण व एक आंबट शेत निवडून मातीची तपासणी करावी आणि उपचारापूर्वीचा व नंतरचा सामू गावच्या चावडीवर लिहून लावावा. तो फलक पाहून शेजारचा शेतकरी आपली माती तपासून घेईल, यात शंका नाही.